सात-बारा नसलेल्यांचे कर्ज



आपल्या या अंकातून उतारा, लागणीच्या तारखा, खतांचे डोस, पहिली उचल आणि दुसरा हप्ता यांविषयी आपण नेहमी वाचतो. ते वाचलेच पाहिजे. पण कारखान्याच्या कार्यक्षेत्रातल्या जवळजवळ प्रत्येक गावात आज दुसराही एक हप्ता सुरू आहे आणि त्याविषयी आपल्या सभेत कधी चकार शब्द निघत नाही. ठरल्या दिवशी सकाळी देवळात किंवा कुणाच्या तरी ओसरीवर दहा-पंधरा बायका जमतात. मोटारसायकलवरून कंपनीचा पोरगा येतो, वही उघडतो, पैसे मोजून घेतो आणि पुढच्या गावाला जातो. एखादीचा हप्ता कमी पडला तर बाकीच्यांनी तो भरायचा. नाही भरला तर सगळ्या बसून राहायच्या. चूल, वैरण, मजुरीची वेळ सगळे खोळंबते.

या धंद्याला सूक्ष्म वित्त असे भारदस्त नाव आहे. गावातल्या बायका त्याला नुसते ‘बचत गटाचं कर्ज’ म्हणतात. खरे पाहता त्यातले बरेचसे कर्ज बचतीचे नसतेच. बचत गटात बायका आधी स्वतःचे पैसे साठवतात आणि त्यातून एकमेकींना देतात. कंपनीच्या गटात बचत नसते. तिथे असते ती फक्त एकमेकींची जामीनकी. दोन्हींना गटच म्हणतात, म्हणून गल्लत होते.

आता एकाच घरातले दोन हिशेब शेजारी-शेजारी मांडून पाहा. घरच्या मालकाच्या नावावर सात-बारा आहे. त्याला विकास सोसायटीतून पीक कर्ज मिळते. मुदतीत फेडले तर ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीक कर्जाला आपल्या राज्यात शून्य टक्के व्याज पडते. त्याच घरात त्याच्या बायकोच्या नावावर काही नाही. तिला शेळी घ्यायची असेल, शिलाई मशीन घ्यायचे असेल, नाहीतर पोरीची फी भरायची असेल, तर ती कंपनीच्या गटात बसते आणि वीस ते सव्वीस टक्क्यांच्या घरात व्याज भरते. चूल एक, ताट एक, आणि व्याजाचे दर दोन! हा फरक कुणाच्या कर्तबगारीचा नाही. उताऱ्यावरच्या नावाचा आहे.

घराबाहेर पाऊल टाकले तर फरक आणखी वाढतो. भूमिहीन मजुराला सोसायटीचे दार नाही. आपला ऊस तोडायला येणाऱ्या टोळीला तर कुठलेच दार नाही, तिला मुकादम आहे. शब्दसुद्धा कसा आहे पाहा. सभासदाची उचल म्हणजे घातलेल्या उसाचा पैसा. तोडणीवाल्याची उचल म्हणजे अजून न केलेल्या कामाचे कर्ज. शब्द एकच, पण एकाला तो मोकळा करतो आणि दुसऱ्याला बांधून ठेवतो.

छोट्या कर्जाची मोठी कहाणी

ही कल्पना आली कुठून, हे माहीत असलेले बरे. १९७६ साली बांगलादेशात चितगावजवळच्या जोब्रा गावात महंमद युनूस या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने ४२ गरीब लोकांना मिळून अवघे २७ डॉलर उसने दिले. त्यात बांबूची मोडे विणणाऱ्या बाया होत्या. बांबूला पैसे नसल्यामुळे त्या व्यापाऱ्याकडून उधार घेत आणि तो म्हणेल त्या भावाने त्यालाच माल घालत. व्यापाऱ्याचा फास सुटला, कमाई हाती राहिली. त्यातून १९८३ साली ग्रामीण बँक झाली आणि २००६ साली युनूस आणि त्यांची बँक यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे नाबार्डने १९९२ साली ५०० बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि तो देशभर पसरला.

गरीब माणूस, त्यातही बाई, कर्ज बुडवत नाही हे एकदा सिद्ध झाल्यावर भांडवलवाल्यांचे तिकडे लक्ष गेले नसते तरच नवल. कंपन्या निघाल्या, शेअर बाजारात उतरल्या. आंध्र प्रदेशात एकेका घरात तीन-तीन, चार-चार कंपन्यांची कर्जे झाली, वसुलीचा तगादा वाढला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या सरकारला वटहुकूम काढावा लागला आणि वसुली ठप्प झाली. पुढे रिझर्व्ह बँकेने नियम घातले. त्यांविषयी शेवटी लिहितो, कारण ते प्रत्येक घरात ठाऊक असायला हवेत.

या कर्जाने गरिबी हटते का, याचा शोध अभ्यासकांनी घेतला आहे. हैदराबादच्या १०४ वस्त्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी केली. निम्म्या वस्त्यांत कंपनीची शाखा आधी उघडली, निम्म्यांत उघडली नव्हती. दोन्हींची तुलना केल्यावर दिसले ते असे : ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी तो थोडा वाढवला. काहींनी टिकाऊ वस्तू घेतल्या, तंबाखू-चहासारखा खर्च आवरला. पण घरचा एकूण खर्च, मुलांचे शिक्षण, आरोग्य, बाईचे घरातले वजन यांत फरक पडला नाही. २०१५ साली सहा देशांतल्या अशा सहा पाहण्या एकत्र प्रसिद्ध झाल्या आणि सगळ्यांचा सूर हाच होता. थोडा उपयोग होतो, कायापालट होत नाही.

त्याच साली सहा देशांतल्या दुसऱ्या एका प्रयोगाचा निकालही आला. त्यात अगदी हलाखीतल्या घरांना कर्ज दिलेच नाही. गाय, शेळ्या किंवा धंद्याचे साधन दिले, काही महिने खाण्यापुरते पैसे दिले, शिकवायला माणूस दिला. आपल्या देशात हा प्रयोग पश्चिम बंगालमध्ये झाला. तिथे घरे खरोखर वर आली, आणि मदत थांबल्यावरही वर राहिली. तेव्हा गोठ्यात काय आहे, हातात काय आहे, याला महत्त्व आहे. वहीत किती कर्ज आहे, याला नाही.

आपला स्वतःचा दाखला

इतक्या लांबचे दाखले कशाला, असे कुणी म्हणेल. तर मग घरचा घ्या. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. त्यांना हवी होती ती सावकाराची दप्तरे आणि कर्जखते. ती ओढून काढून जाळली. १८७९ साली सरकारने कायदा केला, १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. म्हणजे स्वस्त कर्ज देणारी सोसायटी आपल्या गावात शंभर वर्षांपासून येत आहे.

पण नुसत्या सोसायटीने शेतकऱ्याची गरिबी हटली का? कर्ज सोसायटीतून घ्यायचे आणि गूळ अडत्याने सांगितलेल्या भावाने विकायचा, हे पुढची चाळीस-पन्नास वर्षे चाललेच. खरा फरक पडला तो विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांच्या साथीने, लोणीला सहकारी कारखाना उभा केला तेव्हा. १९५०-५१ चा तो पहिला हंगाम. पाणी होतेच, कर्ज होतेच. आता माल घेणारा कारखाना शेतकऱ्याच्या मालकीचा झाला. आपल्या कारखान्याच्या शेअरचा कागद ज्याच्या घरात आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. सोसायटीने आपल्याला उभे राहायला हात दिला आणि कारखान्याने भाव दिला. दोन्ही असल्यामुळे आपण तरलो.

आज आपण गरीब बाईला आणि मजुराला यांतला फक्त अर्धा भाग देतो, तोही महागाचा. आणि मग म्हणतो, ‘कर्ज मिळतंय की आता दारात, अजून काय पाहिजे?’

नवी मुंबईकडे पाहा

आपल्या भागातल्या दर चार घरांआड एकाचे तरी माणूस नवी मुंबईत आहे. कुणाचा भाऊ तुर्भ्याच्या बाजारात माथाडी आहे, कुणाची बहीण कोपरखैरण्यात राहते, कुणाचा पोरगा घणसोलीत खोली घेऊन आहे. सणाला ती माणसे गावी येतात तेव्हा आपण पगार किती, खोलीचे भाडे किती, एवढेच विचारतो. पण गरिबीतून माणूस कसा वर येतो, याचे तीन धडे त्या एका शहरात आहेत.

पहिला धडा माथाड्यांचा. साताऱ्या-सांगलीकडचे अल्पभूधारक मुंबईला गेले आणि बाजारात पाठीवर, माथ्यावर पोती वाहू लागले. काम रोजचे, पण मालक कोण ते ठाऊक नाही. टोळीवाला देईल ती मजुरी. अशा माणसाला कुठली बँक उभी करणार? पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना कर्ज मिळवून देण्यापासून सुरुवात केली नाही. त्यांनी संघटना बांधली, लढे दिले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. व्यापारी, कामगार आणि सरकार यांचे मंडळ झाले. कामगाराची नोंद मंडळाकडे. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर लेव्हीची रक्कम वेगळी भरायची. त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी. १९८१ साली कांदा-बटाट्याचा बाजार नवी मुंबईत आला, पुढे नव्वदच्या दशकात मसाला, धान्य, भाजी, फळे आली आणि त्यांच्यामागे माथाडीही आले. त्यांची घरे झाली, दवाखाना झाला, स्वतःची पतपेढी झाली. आधी मजुरीला दर ठरला, नाव नोंदले गेले, आणि मग पतपेढी चालली. फेडणार कशातून, हा प्रश्नच उरला नव्हता.

दुसरा धडा भूमिपुत्रांचा. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. भातशेती, मिठागरे, खाडीतली मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी घरांना जमिनीच्या बदल्यात रोख मोबदला देऊ केला. ती माणसे काय म्हणाली? नुसते पैसे नकोत, या शहरात आमचा वाटा पाहिजे. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. तिच्या अंमलबजावणीच्या तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पण मागणी कशाची होती ते ध्यानात घ्या. हातात पडलेला रोख पैसा लग्नात, आजारपणात, घर बांधण्यात जातो. वाटा टिकतो. ज्याची जमीन कधी धरणात गेली असेल त्या सभासदाला हे कुणी शिकवायला नको.

तिसरा धडा आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे आणि तो बायकांचा आहे. गिरणगावात खानावळवाल्या बायका होत्या. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार बिऱ्हाड गावी ठेवून येत, आणि या बायका आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत दहा-वीस माणसांना दोन वेळचे जेवू घालीत. कामगार पैसे देणार पगाराला. तोवर महिनाभराचा किराणा आणायचा कशाने? वाण्याच्या उधारीने, सावकाराच्या व्याजाने, अंगावरचा मणी गहाण ठेवून. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या बायकांचे ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि गरिबाला कर्ज द्या, असा सरकारचा हुकूम होता. बँकेचे म्हणणे, तारण काय? बायकांचे म्हणणे, आम्ही एकमेकींना जामीन. पहिल्या खेपेला १४ जणींना कर्ज मिळाले. जोब्रा गावातला प्रयोग १९७६ चा, आणि आपल्या गिरणगावातला १९७५ चा, एवढे नोंदवून ठेवू.

हे कर्ज लागू का पडले? कारण धंदा आधीच चालू होता, गिऱ्हाईक ताटावर बसलेले होते आणि पगाराची तारीख ठरलेली होती. अडचण होती ती फक्त एका महिन्याच्या भांडवलाची, आणि कर्जाने नेमकी तेवढीच भागवली. उलट बाजूही पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार गावी परतले, ताटे रिकामी झाली. आता त्या बाईला आणखी कर्ज दिले असते तर काय झाले असते? बोजा वाढला असता. तिला गिऱ्हाईक पाहिजे होते. मंडळाने मोठ्या स्वयंपाकाची, जेवण पुरवण्याची कामे धरली. वाशीला मंडळाचे केंद्र झाले, नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह झाले. कर्ज देणारी संस्था काम मिळवून देणारी झाली. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली. गावाकडच्या किती लोकांनी त्यांचे नाव ऐकले आहे?

तिन्ही धड्यांत एक गोष्ट सारखी आहे. माणसे आधी एकत्र आली, त्यांनी आपल्या कामाला दर, मालाला गिऱ्हाईक किंवा जागेत वाटा मिळवला, आणि कर्ज त्याच्या मागून आले. जिथे नुसते कर्ज पुढे आणि बाकी काहीच नाही, तिथे एक हप्ता भरायला दुसरे कर्ज लागते. रानात मूळच धरले नसेल तर पाणी देऊन ऊस येत नाही, चिखल होतो.

हप्ता कुठल्या पैशातून?

आता आपल्या शिवाराकडे येऊ. आडसाली ऊस दीड वर्षाचा, पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिन्यांचा, सुरू वर्षाचा. उसाचा पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो. दुधाचे बिल दहा दिवसांनी, मजुरी आठवड्याने. कंपनीचा हप्ता आठवड्याचा, पंधरवड्याचा, फार तर महिन्याचा. मग उसाच्या घरातली बाई तो भरते कशातून? दुधातून आणि मजुरीतून. म्हणजे कर्ज पाईपलाईनला, मोटारीला, नाहीतर नवऱ्याच्या ट्रॅक्टरच्या थकलेल्या हप्त्याला गेले, आणि फेडते म्हैस! म्हैस आटली की गटात भांडण.

व्याजाचाही हिशेब समजून घ्या. ‘बारा टक्के सरळ व्याज’ ऐकायला बरे वाटते. ३०,००० रुपये घेतले, व्याज ३,६००, म्हणजे २,८०० रुपयांचे १२ हप्ते. पण पहिल्या हप्त्यापासून मुद्दल कमी होत गेले. वर्षभर तुमच्याकडे ३०,००० राहिलेच नाहीत, सरासरी सोळा-सव्वासोळा हजारच राहिले. त्यावर ३,६०० म्हणजे व्याज पडले एकवीस-बावीस टक्के. कोणत्याही कर्जाला एकच प्रश्न विचारावा : घटत्या शिलकीवर वर्षाला किती टक्के?

कुणी म्हणेल, कंपनी नसती तर सावकार होताच, तो याहून महाग. हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. रात्री-अपरात्री दवाखान्याला पैसे लागतात तेव्हा ज्याने दिले तो देव वाटतो. सगळ्या कंपन्या वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. कित्येक बायकांनी त्या कर्जावर पिठाची गिरणी टाकली, किराणा मांडला, नीट फेडले. पण आपण सहकाराची माणसे. सावकारापेक्षा बरे, एवढ्यावर समाधान मानायचे असते तर आपल्या वाडवडिलांनी कारखाना काढलाच नसता.

आपल्याला काय करता येईल

पहिली गोष्ट, घरच्या बाईचे नाव उताऱ्यावर. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. ते कुणी जबरदस्तीने केले नव्हते. आपल्या सभासद यादीत बायकांची नावे किती आणि त्यांतली नवऱ्याच्या माघारी वारसाने लागलेली किती, हे ज्याने त्याने यादी चाळून पाहावे. उताऱ्यावर नाव आले की तिला सोसायटी आली, पीक कर्ज आले आणि कारखान्याच्या सभेत बसायची खुर्चीही आली.

दुसरी, खऱ्या बचत गटांना बँकेची जोड. ‘उमेद’मधल्या महिला गटांना ३ लाखांपर्यंतचे बँक कर्ज ७ टक्क्यांनी देण्याची तरतूद आहे. मग बाया वीस-बावीस टक्क्यांकडे का जातात? कारण कंपनी दारात येते, आणि बँकेत ‘पुढच्या सोमवारी या’ असे सांगतात. हेलपाटा घातला की मजुरी बुडते. कारखान्याचा शेतकी विभाग गट ऑफिसातून लागणीच्या नोंदी घेतो, ऊस मोजतो, टोळ्या पाठवतो. त्याच गट ऑफिसात महिन्यातून दोन दिवस बँकेचा माणूस बसवून बचत गटांचे कागद पुरे करता येणार नाहीत का?

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट, गिऱ्हाईक. आज आपण एक डोळ्याची ट्रेमधली रोपे विकत आणतो, कधी-कधी तालुक्याबाहेरून. हे काम गावातला महिला गट उत्तम करू शकतो. बेणे मळ्यातले शुद्ध बेणे कारखान्याने द्यावे, रोपांची मागणी लागणीच्या आधी लेखी नोंदवावी, आणि रोपांचे पैसे सभासदाच्या ऊस बिलातून कापून थेट गटाच्या खात्यावर जमा करावेत. मग त्या गटाला ट्रे आणि शेडनेटसाठी कर्ज द्यायला बँक कचरणार नाही. अन्नपूर्णेच्या बाईला जसा पगाराचा दिवस होता, तसा या गटाला लागणीचा हंगाम राहील. कँटीन, अतिथिगृह, टोळ्यांचे किराणा सामान यांनाही हाच न्याय लावता येईल.

चौथी, ऊसतोडणी कामगार. त्यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ झाले, कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे ठरले. ही वाट माथाडी मंडळाच्या दिशेने जाते, म्हणून ती चांगली. पण आपल्या फडात आपण होऊन काय करतो? कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. राबतात दोघे, आणि उचल लिहिली जाते एकाच्या नावावर. बाईच्या कामाची वेगळी नोंद, तिच्या खात्यावर तिचा वाटा, उचलीची लेखी पावती, आणि हंगाम संपताना मुकादमासमोर हिशेब वाचून दाखवणे, एवढे आपल्या कारखान्याला करता येईल. त्यासाठी मुंबईच्या हुकमाची वाट पाहायला नको.

पाचवी गोष्ट, नियम ठाऊक करून घेणे. रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम असे आहेत : वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेले हे कर्ज विनातारणच असले पाहिजे. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. व्याज आणि सगळे आकार लिहिलेले माहितीपत्रक दिलेच पाहिजे. मुदतीआधी फेडल्यास दंड लावता येत नाही. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर तगादा लावता येत नाही, धमकी आणि शिवीगाळ तर नाहीच. व्याजदराची जुनी वरची मर्यादा मात्र त्याच नियमांनी काढून टाकली. म्हणून दर विचारून घेणे आता आपल्यावरच आले आहे. हे नियम गट ऑफिसच्या फळ्यावर लिहून लावावेत.

यावर संचालक मंडळात काही जण म्हणतील, कारखान्याचे काम साखर तयार करायचे, बायकांच्या कर्जात कशाला पडायचे? त्यांना एवढेच सांगायचे आहे की ज्या घरात हप्त्यावरून भांडण आहे त्या घरातला ऊस वेळेवर खुरपला जात नाही, खताचा दुसरा डोस चुकतो, आणि पैशाच्या नडीपायी तोच ऊस गुऱ्हाळाला किंवा दुसऱ्या कारखान्याला जातो. टनेज तिथेच घटते.

पोटनियमांत काय बसते आणि काय बसत नाही, हे कायद्याच्या जाणकारांनी पाहावे. पण रोपवाटिकेचे काम महिला गटांना देणे, गट ऑफिसात बँकेचा दिवस ठेवणे आणि बाईच्या कोयत्याची वेगळी नोंद ठेवणे, या तीन गोष्टींना पोटनियम आड येत असतील असे वाटत नाही. यंदाच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत या तीन गोष्टींचा ठराव यावा. सूचक कोण आणि अनुमोदक कोण, एवढेच आपण ठरवायचे आहे. आणि त्यांतली एक तरी सही बाईची असावी.

— एक ऊस उत्पादक सभासद